वर काय?

गेल्या महिन्यात एका सकाळी दूध तापवून मी साय काढत होते, तेवढ्यात समोरच्या जाधवभाऊजींची बायको सुमन दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "गेले, ताई." हातातली सायीची वाटी मी ओट्यावर ठेवली आणि तशीच तिच्या मागोमाग गेले. ती साय मी जाधवभाऊजींच्या ॲपल पायसाठी साठवायचे. गेले काही महिने ओव्हन लागत नव्हता, तरी साठवत होते. सवय, दुसरं काय...

भाऊजी मालवाहू बोटीवर कुक होते. कोकणातल्या एका बौद्धवाडीत जन्मलेले. गावात त्यांच्या घरचं पाणीसुद्धा कुणी घ्यायचं नाही. बोटीवर मात्र कॅप्टनपासून खलाशापर्यंत सगळे त्यांच्या हातचं जेवायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास बोट सोडून ते वाशीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहायला आले, आणि येताना ॲपल पाय घेऊन आले. गोल ॲल्युमिनियमचा, वर काच असलेला ओव्हन. आत लोण्याचं खुसखुशीत कवच आणि त्यात दालचिनी घालून शिजवलेली सफरचंदं. रविवारी दुपारी त्याचा वास जिन्यात पसरला की आमच्या बिल्डिंगमधली निम्मी भांडणं आपोआप मिटायची.

त्यांचा खरा जीव होता तो पायवर काय घ्यायचं यात. बशी पुढे करून विचारायचे, "वर काय?" म्हणायचे, "बोटीवर माणसाचं नाव विसरलं तर चालतं, ताई. त्याचं वरचं विसरून नाय चालत. कॅप्टनला चीज, चीफ इंजिनियरला कस्टर्ड. बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याला नुसती साखर, पण वरून. आत घातलेली नको." तसंच त्यांनी आम्हा सगळ्यांचं पाठ केलं होतं. मला साय. शहाभाभींना श्रीखंड. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांना कस्टर्ड. साहेब कायम घाईत असायचे, बशी झाकून घरी न्यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलमावशी मूळच्या इथल्याच, सारसोळे गावच्या. त्यांनी पहिल्याच रविवारी कस्टर्ड बघून बजावलं होतं, "मना तं पिवला नको. खोबरा हाय का?" तेव्हापासून त्यांच्यासाठी ओलं खोबरं गुळात परतलेलं असायचं. कॅप्टनला हे कळलं असतं तर त्याने बोट फिरवली असती, असं म्हणून भाऊजी पोट धरून हसायचे.

मग भाऊजींचा घसा धरला. सर्दी म्हणता म्हणता कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पडलं आणि आवाज गेला. घरी आले ते पाटी-पेन्सिल घेऊनच. पाटीच्या एका बाजूला बोलायचं ते लिहायचे आणि पुसायचे. दुसऱ्या बाजूला त्यांनी ठळक अक्षरात एकदाच लिहून ठेवलं होतं, 'वर काय?' अंगात जरा ताकद आल्याबरोबर त्यांनी पाय केला. त्यांना स्वतःला एक घासही गिळता येत नव्हता. आता कुणी टेबलाशी येऊन बसेना, म्हणून सुमनच्या हाती ज्याचं त्याचं वरचं घालून घरोघरी बशा पाठवल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या बशा परत आल्या, स्वच्छ धुतलेल्या, रिकामी बशी परत करू नये म्हणून प्रत्येकीत चमचाभर साखर. भाऊजी खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपापाशी ते उभे दिसले. मला हाताने बोलावलं. वर्तमानपत्राच्या कागदावर दोन तुकडे पडले होते, न चाखलेले. एकावर कस्टर्ड, एकावर श्रीखंड. कुणी टाकले ते विचारायची गरजच नव्हती. भाऊजी वाकून बघत राहिले. खोबरं कुठेच नव्हतं. साय नव्हती, कारण मी खाल्ला होता. भीत भीत खाल्ला, खोटं कशाला बोलू. लोकांना वाटतं, कॅन्सर हाताने लागतो.

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आजारामुळेच ना?'

मी म्हटलं, "हो, भाऊजी. दुसरं काय असणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने अक्षरं पुसली. त्यानंतर त्यांनी ओव्हन लावला नाही. आजाराने माणूस जातो हे कळतं मला. पण ते त्या सकाळपासून जायला लागले, असंच मला वाटतं... आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

परवा दुपारी, भाऊजी गेल्यानंतर पहिल्यांदाच, जिन्यात तोच वास आला. धावत गेले, तर सुमन ओव्हनमधून पाय काढत होती. म्हणाली, "यांनी मलापण विचारलं होतं, पाटीवर, आजारामुळेच ना म्हणून. मला उत्तर देता नाय आलं. आता घरात आजार नाय, ताई. आता बघते."

मी ट्रे धरला आणि आम्ही दोघी घरोघर निघालो. पाटीलमावशी उंबऱ्यावरच बसल्या आणि डोळे पुसत सगळं खाल्लं. शहाभाभींनी सुमनच्या तोंडाकडे पाहिलं, दारातच पहिला घास घेतला आणि रडायला लागल्या. "मी तवा घाबरली होती, सुमनबेन. पोरं लहान आहेत ना."

सेक्रेटरीसाहेब हसून म्हणाले, "वा, कस्टर्ड! ठेवा, नंतर निवांत खातो."

"खावा की. मी थांबते," सुमन म्हणाली.

मग म्हणाले, "आज उपास आहे हो." आतून कांदा परतल्याचा वास येत होता. सुमनने बशी उचलली आणि जिना चढायला लागली.

घरी येऊन तिने ती बशी टेबलावर ठेवली. मग ती म्हणाली, "बरं झालं, ताई. उत्तर कळायच्या आधी गेले."

कस्टर्डवर साय धरली होती. ओव्हनच्या काचेला टेकवून पाटी उभी होती, 'वर काय?' ही बाजू आमच्याकडे करून.