कडक लायनर

सक्करदऱ्याच्या तलावापासून थोडं पुढे एका मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. ते फक्त ब्रेकचं काम करायचे. ऑटो, स्कूटर, मोटारसायकल, काहीही घेऊन जा. जुन्या ब्रेक शूवरचे झिजलेले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, खरवडून काढायचे आणि नवे रिबिट (रिव्हेट) मारून बसवून द्यायचे. आतल्या दाराशी त्यांची बायको शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली असे. गोष्ट ऐंशी सालानंतरची. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, सरकारी कचेरीत नकाशे काढायचो आणि धरमपेठेत खोली घेऊन राहायचो. माझ्याजवळ अडीचशे सीसीची जुनी मोटारसायकल होती, आणि तिच्यापायी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

शहराबाहेर एक वापरात नसलेली धावपट्टी होती. तिथे आम्ही काही हौशी लोक रविवारी गाड्या पळवायचो. त्या थंडीत तिथे शर्यत ठरली. ड्रम मांडून वळणं केलेली, दहा फेऱ्या. माझी अडचण अशी की तिसऱ्या-चौथ्या फेरीत ब्रेक तापून पोचट व्हायचे. लिव्हर मुठीपर्यंत दाबला तरी गाडी पळतच राहायची. एका मित्राने पुण्याहून शर्यतीचे लायनर आणून दिले. करडे, दगडासारखे, नखाने ओरखडासुद्धा उठत नव्हता.

मिस्त्रींनी ते हातात फिरवून पाहिले. खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा, तोबरा गालात सारून म्हणाले, "हे रस्त्यावर कामाचे नाहीत, भाऊ. थंड असले की पकडतच नाहीत. चांगले तापले की मग धरतात. तुले ऑफिसलेबी जायचं अन् रेसबी करायची, तर मधला माल लाव. माझ्याजवळ आहे. मैदानात जरासा कमी पडन, पण घरी सुखरूप येशीन."

"मले हेच पाहिजेत," मी म्हणालो.

त्यांनी बसवून दिले. मी गाडी सुरू करत असताना मोठ्याने ओरडून सांगितलं, "रेस झाली की दुसऱ्याच दिवशी ये गा! काढून घे ते!"

शर्यतीत माझा चौथा नंबर आला. ब्रेक असे लागले की वळणावर दोघांना मागे टाकलं. पुढचे तीन आठवडे मी त्याच लायनरवर शहरभर फिरलो. सकाळी निघालं की पहिले दोन-तीन चौक गाडी नीट थांबायची नाही, हे मला दिसत होतं. तरी गेलो नाही. कचेरीत कोणी विचारलं की मी चाकाकडे बोट दाखवून सांगायचो, शर्यतीचा माल आहे. ते सांगण्यात जी मजा होती, ती मला सोडवत नव्हती.

जानेवारीत भाऊजी आले. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. नरखेड तालुक्यात त्यांचा संत्र्याचा बगीचा. पंपाच्या मोटारीचं काम करून घ्यायला आले होते, माझ्याकडे मुक्काम केला. सकाळची एसटी पकडायची म्हणून मी त्यांना गाडीवर घेऊन निघालो. धुकं होतं. खोलीपासून फर्लांगभरही गेलो नसू, बाजूच्या गल्लीतून एक दूधवाला कॅन लटकावलेली सायकल घेऊन समोर आला. मी पुढचा ब्रेक दाबला, मागचा दाबला. काहीच झालं नाही. गाडी आपली सरळ चालली होती. मी हँडल वळवलं आणि आम्ही नालीवरच्या दगडी कठड्याला घासत गेलो. दूधवाला वाचला. माझ्या कोपराची साल निघाली. भाऊजींचा पाय गाडी आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त "अरे बाप्पा, अरे बाप्पा" म्हणत राहिले.

गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. दुपारी बहीण आणि तिचे सासरे दवाखान्यात पोचले. त्यांना मी मामाजी म्हणायचो. उंचपुरा, तापट माणूस. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"काय झालं गा?"

"ब्रेक लागलाच नाही, मामाजी. आत्ताच तर नवीन काम करून घेतलं होतं."

शब्दाशब्दाने पाहिलं तर यात खोटं काही नव्हतं. मामाजींनी विचारलं, "कोणापाशी?" मी पत्ता सांगितला. तेव्हाच गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सक्करदऱ्याला गेले. दुकानासमोर तीन-चार ऑटोवाले बसले होते. मामाजी रिक्षातून उतरले ते बोलतच. "माझ्या पोराचा पाय मोडला तुह्या कामानं! काहून करतं असे धंदे, जमत नाही तर?"

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागले. "तेच लायनर होते का, भाऊ? काढले नव्हते?" मी रिक्षाचे पैसे देऊ लागलो. मिस्त्री मामाजींना म्हणाले, "गाडी आणा. सगळ्यांसमोर चाक उघडतो. एक रिबिट ढिला निघाला तर दुकान बंद करतो. मी याले सांगितलं होतं, हे रस्त्यावर चालत नाहीत म्हणून."

मामाजी माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं याने तुले?"

शिलाई मशीन थांबली. मिस्त्रींची बायको दारात आली. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी आतून ऐकलं. रेस झाली की ये म्हणून ओरडून सांगितलं यायनं."

मी त्या बाईच्या तोंडाकडे पाहून म्हणालो, "मले असं कोणी काही सांगितलं नाही."

ती आत गेली. एक ऑटोवाला उठला, गाडी सुरू करून निघून गेला. मिस्त्रींनी हात पुसले. मामाजी आणखी बरंच बोलले, ते मला आठवत नाही.

महिनाभराने मी बहिणीच्या गावी गेलो. भाऊजी बगीच्यात खाटेवर प्लास्टरचा पाय लांब करून बसले होते. बहीण घरात चहा करायला गेली तेव्हा म्हणाले, "त्या मिस्त्रीकडं गेला होता का पुन्हा?"

"नाही."

"जा. अपघाताच्या आदल्या दिवशी जेवताना तूच तर सांगत होता, हे लायनर तापल्याशिवाय धरत नाहीत, मिस्त्री नको म्हणत होता म्हणून. किती खुशीत सांगत होता!"

मला ते बोलणं आठवतच नव्हतं. मी विचारलं, "मग मामाजींना काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुह्या बहिणीले या घरात जन्मभर ऐकावं लागलं असतं."

मग मी गेलो. लगेच नाही, आणखी पंधरा दिवसांनी. मिस्त्री घरी नव्हते. मी त्यांच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मी खोटं बोललो." तिने मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाली, "मले काय सांगता? मले माहीतच आहे. त्या दिवशी जे होते त्यायले सांगा."

ऑटोवाल्यांना मी सांगितलं. त्यांच्या स्टँडवर जाऊन, उभ्याउभ्याने. एकजण म्हणाला, "आम्हाले वाटलंच होतं," आणि दुसऱ्याने माझ्याकडे पाठ फिरवली. पुढे मिस्त्रींचं काम कमी झालं की नाही, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. एकदा मी मधले लायनर बसवून मागायला गेलो. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "दुसरीकडून करून घ्या," म्हणाले. पूर्वी ते मला 'तू' म्हणायचे.

मामाजींना मात्र मी कधीच सांगितलं नाही. बहिणीचं कारण मला आयतंच मिळालं होतं. भाऊजी काठीशिवाय चालू लागले, पण झाडाला शिडी लावून चढणं त्यांना पुन्हा जमलं नाही. तोडणीच्या दिवसांत ते खालून नुसते सांगत फिरायचे. मी गावी गेलो की मामाजी मला स्वतःच्या हाताने निवडून संत्री द्यायचे, गाडीपर्यंत सोडायला यायचे आणि दर वेळी बजावायचे, "त्या मिस्त्रीकडं जाऊ नको गा."

"नाही जात, मामाजी," मी म्हणायचो.