वत्सलाकाकूंची उन्हाळ्यातली मुलं

वत्सलाकाकू गेल्याचं आईने फोनवर सांगितलं तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं आणि शाळांच्या परीक्षा संपत आल्या होत्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. कामाला येणाऱ्या बाईने दार वाजवून वाजवून शेवटी आमच्याकडून त्यांच्या घराची किल्ली नेली... फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर आता या सुटीत मुलांनी कुणाकडे जायचं? मग लक्षात आलं, की गेली काही वर्षं सुटीत त्यांच्याकडे मुलं जातच नव्हती.

नारायणगुड्यात आमच्या समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्या राहायच्या. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, काका लवकर गेले, पुढे एकट्याच होत्या. परीक्षांचे दिवस आले की त्या छत्री घेऊन बाहेर पडत. कोठीतली पुस्तकांची दुकानं, दवाखान्यांमधली नाव नोंदवायची टेबलं, हिमायतनगरातली कपड्यांची दुकानं... सगळीकडे जाऊन बसायच्या. दहावी झालेल्या, इंटरला म्हणजे अकरावी-बारावीला असलेल्या आमच्यासारख्या मुलामुलींना सुटीपुरतं कुठे काम मिळेल, ते बघायच्या. आधी पाणी मागायच्या, मग बाथरूम कुठे आहे विचारून त्याची कडी आतून लागते का ते स्वतः पाहून यायच्या. दुपारी मालक जेवायला गेला की दुकानात कोण असतं, हेही विचारायच्या. दुकानदार वैतागायचे. एकाने तर हात जोडून म्हटलं, "अम्मा, काम देखने को आए की रिश्ता देखने को?" काकू हसल्या नाहीत. त्या दुकानात त्यांनी कुणालाच पाठवलं नाही.

एवढं सगळं करायच्या, पण काम मागताना मात्र तोंड उघडायच्या नाहीत. "मागायचं तुझं तू. मी मागे उभी आहे." हा त्यांचा नियम माझ्यासाठी किती अवघड होता, ते सांगायला हवं. मी लहानपणापासून बोलताना अडखळते. त्या वयात तर स्वतःचं नावसुद्धा धड सांगता यायचं नाही. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. इंटरची परीक्षा झाली आणि काकू आईला म्हणाल्या, "हिला माझ्याबरोबर पाठव." आई म्हणाली, "अहो काकू, ही काय बोलणार तिथे?" काकू म्हणाल्या, "ते ती बघेल."

पहिल्या दुकानात मी काहीच बोलू शकले नाही. दुसऱ्या दुकानात मालकीणबाईंनी माझे दोन शब्द ऐकले आणि काकूंकडे वळून विचारलं, "इसको कुछ तकलीफ है क्या?" काकू माझ्याकडे बघत राहिल्या. उत्तर माझं होतं, आणि ते मला देता आलं नाही. रस्त्यावर आल्यावर मी रडायला लागले. त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि इतकंच म्हणाल्या, "नाही म्हणाली ना? म्हणू दे. संध्याकाळपर्यंत दुकानं उघडी असतात."

तिसरं दुकान चष्म्यांचं होतं, हिमायतनगरात. मालक राव, तेलुगू रीतीने सगळे त्यांना आदराने राव गारू म्हणत, काउंटरमागे फ्रेम पुसत बसले होते. नाव विचारल्यावर मी "प्र... प्र..." करत उभी राहिले. माझ्या कानातून वाफा निघत होत्या. काकू मागे गप्प. राव गारूंनी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि वाट पाहिली. खूप वेळ गेल्यासारखं वाटलं... शेवटी "प्राजक्ता" असा अख्खा शब्द माझ्या तोंडून बाहेर आला. "काम पाहिजे," हे त्यापाठोपाठ, हिंदीत की मराठीत, ते आता आठवत नाही. राव गारू माझ्याकडे बघून म्हणाले, "कल आ जाओ अम्मा. ग्यारा बजे." त्या सुटीत मी काचा पुसल्या, गिऱ्हाइकांसमोर आरसा धरला, नावं विचारली, माझं नाव सांगितलं. अडखळणं गेलं नाही. आजही आहे. पण त्यानंतर मी पाहुणे आले म्हणून आत जाऊन बसले नाही.

काकूंना एक मुलगा होता, नितीन. पंधरा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुटीत तो गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीच्या पाण्यात बुडाला. माझ्या जन्माआधीची गोष्ट. त्याचा फोटो त्यांच्या घरात कुठेच नव्हता आणि त्याचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. पण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. रिकामी मुलं पाण्याकडे जातात, म्हणून काकू त्यांना कामाला लावतात, असं आई सांगायची. मीही तेच धरून चालले होते.

अलीकडे मुलं फोनवरच कामं शोधतात. कुणी घरबसल्या काहीतरी टाइप करतं, कुणी कसला कोर्स करतं. दुकानदारांची दुसरी पिढी काकूंना ओळखत नव्हती. संक्रांतीला मी भेटायला गेले तेव्हा त्या खूप वाळल्या होत्या. तिळगूळ हातावर ठेवून म्हणाल्या, "तुझ्या ओळखीत कुणी आहे का गं, दहावीला बसलेलं?" मी म्हटलं, "बघते काकू." निघताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

तेराव्याला काकूंच्या घरी एक मध्यमवयीन माणूस आला. दारातच चप्पल काढून उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. खलील. कोठीत त्याचं पंख्यांचं आणि पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करून द्यायचं दुकान आहे. मी त्याला खुर्ची दिली तर तो खाली सतरंजीवर बसला. दिलेलं पाणी प्यायला. मग म्हणाला, "नितीन के साथ उस दिन मैं था."

मीही त्याच्यासमोर सतरंजीवर बसले.

"मेरेको तैरना नै आता था. मैं ऊपर पत्थर पे खडा चिल्लाया बस... उसके बाद मैं घर के बाहर नै निकला. खाना नै, बात नै. एक दिन आंटी घर को आए. अम्मी को बोले, इसको मेरे साथ भेजो. मेरेको लगा अब मारते. आंटी मेरा हाथ पकडके वाइंडिंग की दुकान को लेके गए. बोले, काम माँग. मैं मुंडी नीचे डालके माँगा." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "वापस आते वक्त बोले, रोज शाम को घर जाते वक्त मेरी बाल्कनी के नीचे से जाना. मेरेको तू दिखना. बस."

म्हणजे सुरुवात त्याच्यापासून होती. आमच्या आधी, सगळ्यांच्या आधी.

"कैसा हुआ, आखरी में वो क्या बोला... एक बार भी नै पूछे," खलील म्हणाला. "मैं हर साल सोचता था, इस बार पूछे तो बोल दूंगा."

आम्हीही सगळे संध्याकाळी कामावरून परतताना त्याच बाल्कनीखालून जायचो. काकू कठड्याला टेकून उभ्या असायच्या. हात वगैरे करायच्या नाहीत, फक्त बघायच्या आणि शेवटचं पोर दिसलं की आत जायच्या. त्या हवा खायला उभ्या राहतात, असं मला वाटायचं.

आता त्यांच्या पुतण्याने घर भाड्याने दिलं आहे. बाल्कनीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी लावली आहे, एसीचं यंत्र बसवलं आहे. उभं राहायला तिथे जागा उरलेली नाही. परवा संध्याकाळी मी आईकडे जात होते, तर समोरून खलील स्कूटरवर आला. त्याचं घर आता दुसऱ्या बाजूला आहे, हा त्याचा रस्ता नव्हे. बाल्कनीखाली आल्यावर त्याने वेग कमी केला, वर पाहिलं. मीही पाहिलं. मग तो गेला.