मथुराबाईचं माहेर

कुणकेश्वरची मथुराबाई फणी आणि खोबरेलाची बाटली घेऊन पायवाटेला लागली, की आसपासच्या गावांतल्या काही घरांची धांदल उडायची. चुलीपुढची सून हातातलं टाकून मागच्या पडवीत धावायची. कारण तिथे म्हातारी असायची, आणि मथुराबाई यायची ती त्या म्हातारीसाठी.

देवगडच्या महिला मंडळाने छपन्न-सत्तावन्नच्या सुमारास एक चांगलं काम काढलं होतं. ज्यांच्या मागेपुढे कोणी नाही अशा म्हाताऱ्या बायकांना भल्या घरांत ठेवायचं, त्या घरांना तांदूळ आणि लुगडी पुरवायची, आणि सांभाळ नीट होतो की नाही ते मधूनमधून जाऊन बघायचं. मंडळातल्या बाकीच्या बायका ओट्यावर बसून चहा घेत, ‘सगळं ठीक ना?’ विचारत आणि ‘ठीक’ ऐकून पदर सावरत उठत. मथुराबाई चहाला हातही लावत नसे. ती सरळ म्हातारीच्या मागे फतकल मारायची आणि केस विंचरायला घ्यायची. विंचरताना मान दिसे, पदर सरकला की पाठ दिसे. शिवाय समोर कोणाचं तोंड नसलं की म्हातारी आपसूक बोलायला लागे. ही अक्कल तिला कोणी शिकवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तशी बाई मंडळाला पुन्हा मिळाली नाही.

पण माणूसच ती. मिठबावला तिच्या सख्ख्या भावाच्या, परशुरामच्या घरी मंडळाने आंधळी नर्मदा ठेवली होती, तीही मथुराबाईच्याच शब्दावर. त्या घराकडे मात्र ती वर्षभर फिरकली नाही. भावाच्या घरात काय बघायचं? शेवटी मंडळाने दुसऱ्या कोणाला पाठवायचं ठरवलं, तशी ती फणकारली.

“माजो भाव म्हणान कोणी माफी देव नको. मीच जातंय.”

भावाची वाहवा ऐकवायला मिळणार, या तोऱ्यातच ती मिठबावला पोचली. सुभद्रावहिनीने तिला माडांतून येताना लांबूनच पाहिलं होतं. पाट मांडला, बांगड्याचं तिकलं वाढायला घेतलं. “आधी डोक्या,” म्हणत मथुराबाई फणी घेऊन पडवीत गेली.

नर्मदेच्या कपाळावर तेलाचे ओघळ होते. आत्ताच कोणीतरी घाईघाईने ओतलेलं. फणी घातली, ती वरच अडकली. खाली केसांच्या जटा झाल्या होत्या. मथुराबाईने पदर बाजूला केला. पाठीवर तळहाताएवढी जखम, आणि लुगडं तिला चिकटलेलं. वर्षभर आपण आलो नाही, याची मथुराबाईला मनापासून लाज वाटली.

“काय होता तुका? सांग गो,” ती हळूच म्हणाली.

“काय नाय. बरा सांभाळतत,” नर्मदा म्हणाली. मग हात मागे नेऊन तिने चाचपडत मथुराबाईचं मनगट धरलं. “गप रव, बाय. तुजा म्हायार आसा ह्या.”

आईबाप कधीच गेले होते. भावाचं दार बंद झालं की मथुराबाईला माहेर म्हणून जगात काही उरणार नव्हतं. हे त्या आंधळीला कळलं होतं आणि ती निमूट सोसायला तयार होती. मथुराबाई उठली आणि बाहेर येऊन भावाला म्हणाली, “दादा, गाडी जुंप. तिका माज्या घराक व्हरतंय.”

परशुराम भडकला. “सगळी गावा फिरान माज्याच घरात चोर गावलो तुका? मंडळात सांगतलस?”

“सांगतलंय.”

“मग ह्या उंबऱ्यार परत पाय ठेव नको.”

त्याने गाडी जुंपली नाहीच. मथुराबाईने शेजारच्याची आणली. वाढलेलं ताट तसंच राहिलं.

मंडळात तिने सगळं सांगितलं, स्वतःची वर्षभराची चूकसुद्धा. वर बजावलं, की नर्मदा आता माझ्याकडे आहे, तर माझ्या घरीही तपासायला कोणीतरी या, आणि न कळवता या. पावसाळा लागायच्या आत नर्मदेची पाठ भरून आली.

भाद्रपदात गौरी आल्या. वाडीतल्या बायका माहेरी जाऊन ओट्या भरून परतल्या. मथुराबाईला कोणाचं बोलावणं आलं नाही. त्या दुपारी तिने सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेतला, सूप नर्मदेच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्यासमोर पदर पसरून बसली.

“ओटी भर माजी.”

नर्मदेने हात आखडून घेतले. “मी विधवा बायल गो. माज्या हातान नको.”

“मिठबावची तू एकटीच उरलंस माका,” मथुराबाई म्हणाली. “भर.”

नर्मदेने चाचपडत नारळ उचलला, आणि तिचा पदर शोधू लागली.