सरकारी टेबलावरचे पेढे

विचारताच आहात तर सांगतो, पण आधीच बजावतो, मध्येच हसलात तर तिथेच थांबेन. जर्मनीच्या सरकारी दप्तरात माझ्या नावाचा एक कागद आहे. चोरीचा नाही, मारामारीचा नाही. पेढ्यांचा आहे.

दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट असेल. डार्मश्टाटच्या जवळ राहायचो, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत होतो. व्हिसा संपायला दोन महिने उरलेले आणि आम्हाला हवा होता कायमचा परवाना. त्याला तिकडे निडरलासुंग्सएरलाउब्निस म्हणतात. माझं म्हणणं, हा शब्द न अडखळता म्हणेल त्याला तो जागच्या जागी देऊन टाकावा. पण नाही. आधी जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची. मी दोनदा नापास झालो होतो. मुलगी तिसरीत, घरात फाडफाड जर्मन बोलणार, आणि बाप वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी नापास. माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा.

तिसऱ्या वेळी सुटलो. नेमक्या तेव्हा सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आलेल्या. निकाल कळल्याबरोबर त्यांनी पदर खोचला. खवा मिळत नाही म्हणून दुधाच्या पावडरीचे पेढे वळले, वर प्रत्येकावर पिस्ता. आणि ज्या दिवशी मी परवान्याचा अर्ज द्यायला निघालो, त्या दिवशी दारात एक डबा माझ्या हातात ठेवला.

"सुधीरराव, एकवीस आहेत. त्या ऑफिसातल्या बाईंना द्या. पास झाल्याचे पेढे आहेत, रिकाम्या हातानं जाऊ नका."

"अहो आई, तिकडे असं चालत नाही."

"गोडाला कोण नाही म्हणतं?"

मला तरी काय अक्कल होती? दहावीला पेढे वाटले, नोकरीला वाटले, मुलगी झाली तेव्हा तर बँकेतल्या कॅशियरलासुद्धा दिले. गेलो डबा घेऊन.

परदेशी लोकांच्या कचेरीत माझं काम फ्राउ लांगे नावाच्या बाईंकडे होतं. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, टेबलावर पेन्सिलीसुद्धा ओळीत. तास-दीड तास बाहेर बसल्यावर नंबर लागला. त्यांनी कागद तपासले, सर्टिफिकेट बघून "अभिनंदन" म्हणाल्या. मी लगेच डबा पुढे सरकवला.

"हे काय?"

"मिठाई. मी पास झालो ना, म्हणून. तुमच्यासाठी."

"नाइन, हेर पाटणकर. आम्हाला काही घेता येत नाही."

आता मला सांगा, आपल्याकडे पहिल्या नाहीचा अर्थ काय असतो? ताटावर हात आडवा धरून "पुरे पुरे" म्हणणाऱ्याला आपण सोडतो का? मला वाटलं, बाई भिडस्त आहेत. मी डबा आणखी पुढे सरकवला. त्यांनी मागे सरकवला. पेन्सिलींची ओळ मोडली.

"घ्या हो, एवढंसं तर आहे. आमच्याकडे सगळेच देतात."

"सगळेच देतात? सरकारी कचेरीत?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! काम झालं की देतातच."

"तुमचं काम अजून झालेलं नाही."

"होईलच की," असं म्हणून मी हसलो. नुसतं हसलो असतो तर निभावलं असतं. मी डोळाही मिचकावला. का मिचकावला, देव जाणे. आयुष्यात बायकोकडे, मंजिरीकडे बघूनसुद्धा मी कधी डोळा मिचकावला नव्हता.

बाई गंभीर झाल्या. "आत किती आहेत?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, गाडी रुळावर आली. "एकवीस! तुमच्या सहकाऱ्यांनाही पुरतील," असं म्हणून डबा तसाच टेबलावर ठेवला आणि चपळाईनं बाहेर पडलो. आग्रह करून ठेवायचं आणि पळायचं, आपली जुनी पद्धत. मागून "हेर पाटणकर!" अशी हाक आली. मी मागे न बघता हात हलवला आणि ट्राम पकडली.

घरी सासूबाईंना सांगितलं, "घेतले."

आठ दिवसांनी पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात नमस्कार. दुसऱ्यात लिहिलेलं, की अर्जाचा निर्णय होण्याआधी अधिकाऱ्याला लाभ देऊ केल्याची नोंद झाली आहे, खुलासा होईपर्यंत अर्ज थांबवला आहे, आणि अमुक वारी पासपोर्टसह हजर राहावे. मी ते तीनदा वाचलं. परीक्षेचा उतारा वाचतानाही इतकं लक्ष दिलं नसेल. व्हिसाला उरले होते सात आठवडे. मंजिरी शांतपणे म्हणाली, "मुलीच्या शाळेचं कसं करायचं ते ठरव." दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. सासूबाई मात्र एकच विचारत होत्या, वेलची जास्त झाली होती का?

इतका चिडलो होतो म्हणून सांगू! या देशात रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दार वाजवतो, ते सहन केलं. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या केल्या. सगळं निमूट केलं, आणि अडकलो कशात, तर पेढ्यात.

ठरल्या दिवशी गेलो. फ्राउ लांगेंच्या शेजारी त्यांचे साहेब बसलेले, हेर फोग्ट. मध्ये टेबलावर आमचा डबा. चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि वर आमच्या फाइलचा नंबर.

"आल्झो, तर मग, याची किंमत किती?" साहेबांनी विचारलं.

"सासूबाईंनी स्वतः केलेत. याची किंमत पैशात होत नाही."

फ्राउ लांगेंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी काहीतरी लिहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, दुधाची पावडर, साखर, फार काही नाही. मग घामाघूम होऊन समजावलं, की आमच्यात परीक्षा पास झालं की पेढे वाटतात, पोस्टमनला, वॉचमनला, समोर येईल त्याला. हे काम करून घेण्यासाठी नाही, आनंद झाला म्हणून. साहेब म्हणाले, "ठीक आहे. प्रथा आहे, असं लिहितो. डबा परत न्या, मोजून सही करा, विषय संपला."

इतकं हलकं वाटलं मला! फ्राउ लांगेंनी पट्टी कापली आणि पेन्सिलीच्या टोकानं मोजायला सुरुवात केली. वीस.

पुन्हा मोजले. वीस.

"तुम्ही एकवीस सांगितले होते. तशी नोंद आहे," साहेब म्हणाले. "सासूबाईंकडून चूक झाली असेल?"

बघा, माणसानं स्वतःहून दार उघडून दिलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडाला कुलूप असतं तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

"शक्यच नाही," मी म्हणालो. "माझ्या सासूबाई मोजण्यात चुकत नाहीत."

साहेबांनी हळूच मान वळवली. "फ्राउ लांगे, पट्टी लावायच्या आधी डबा किती वेळ उघडा होता?"

"दहा मिनिटं. मी तुम्हाला बोलवायला आले होते. मी हात लावला नाही, साहेब." सव्वीस वर्षांची नोकरी बाईंची, आणि साहेब नवा कोरा फॉर्म पुढ्यात ओढत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझीच लाज वाटली.

आणि तेव्हा आठवलं. त्या दिवशी बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. डबा मांडीवर होता.

गप्प बसलो असतो तर परवाना हातात पडत होता. पण त्या बाईंकडे बघवेना.

"तो मी खाल्ला," मी म्हणालो. "बाहेर, बाकावर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो नवा फॉर्म माझ्याकडे वळवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.

परवाना तीन आठवड्यांनी आला, बरं का. पण तो फॉर्म अजून फाइलीत आहे. त्यावर लाभ देऊ करणाऱ्याचं नाव, सुधीर पाटणकर. आणि त्याखाली, लाभ प्रत्यक्ष घेतलेल्याचं नाव, तेही सुधीर पाटणकर.