न सडणारं पाणी

शमुवेल सर दर जूनमध्ये नवीन वर्गात शिरले की आधी तुरीची डाळ शिजवायचे. पुस्तक नाही, हजेरी नाही. स्टोव्ह पेटवायचा, डाळीचं पाणी फडक्यातून गाळायचं, सलाईनच्या काचेच्या दोन बाटल्यांत भरायचं आणि त्या कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या होईपर्यंत ठेवायच्या. मग एका बाटलीला रबरी बूच घालून वरून मेण ओतायचं, दुसरी उघडीच ठेवायची. पोरं विचारायची, "सर, आता काय?" सर हात पुसत म्हणायचे, "आता वाट पाहा. घाई करायची नाही. पृथ्वीनंही केली नव्हती."

आठवड्यात उघडी बाटली अशी घाण मारायची की शेजारच्या वर्गात मराठी शिकवताना मी नाकाला पदर लावायचे. बंद बाटलीतलं पाणी मात्र जसंच्या तसं. तसली एक जुनी बाटली खिडकीत कित्येक वर्षं उभी होती. मेणावर धूळ बसलेली, आत पाणी नितळ. खरं सांगते, तिच्याकडे बघून मला कधी बरं वाटलं नाही. जे वर्षानुवर्षं बदलत नाही, ते बघत राहावंसं वाटत नाही.

खांडबाऱ्यापासून आत डोंगराकडे आमची शाळा. मी नंदुरबारची, बोलणं अहिराणी, तोंड फटकळ. सर तिथलेच, ख्रिस्ती घरातले. थोरला भाऊ याकोब गावातल्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक. रविवारची उपासना आटोपली की दोघे भाऊ अंगणात खाटेवर बसून भांडायचे, आणि मी जेवायला गेले की मला कळावं म्हणून घरची मावची बोली सोडून मराठीत भांडायचे. सर सांगायचे, पहिला जीव कुणी घडवला नाही. उकळता समुद्र, विजा, वरून विषारी हवा, त्यातून कणाला कण जुळत गेला. याकोबदादा शांतपणे म्हणायचे, "शमू, तुझी बाटलीच माझ्या बाजूनं बोलते की! बंद पाण्यात आपोआप काही जन्मत नाही, हे तूच दाखवतोस. मग पहिला जीव कुणी घातला?"

"दादा, बाटलीला चार-पाच वर्षं मिळाली. समुद्राला कोट्यवधी मिळाली. तू वाट तर पाहा."

"मीही तेच म्हणतो. वाट पाहा, देवबाप स्वतः सांगेल."

मधे बसून त्यांची आई तुरीच्या शेंगा सोलायची आणि दोघांनाही झापायची. "त्यानं घडवलं, तो जाणे. तुम्ही भात खा." दोन्ही पोरं खाली मान घालून जेवायची. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

त्या हिवाळ्यात म्हातारीच्या पायाच्या अंगठ्यात काटा गेला. तिला शुगर, जखम भरेना. अंगठा निळा झाला, मग काळा. सरांनी तिला नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आज अंगठा द्या, पाय वाचेल. उशीर केलात तर आम्हाला पाय मागावा लागेल." म्हातारी उठली आणि चालू लागली. "त्यानं दहा बोटं देऊन पाठवलं. नऊ घेऊन कोणत्या तोंडानं त्याच्यापुढं जाऊ?"

याकोबदादांनी समजावलं, सरांनी हात जोडले. ती ऐकेना. वर मंडळीतल्या बायकांनी तिच्या कानावर घातलं, की तुझ्या धाकट्याच्या शाळेत देवानं राखलेलं पाणी आहे, ते सडत नाही. झालं! रविवारी उपासनेनंतर सगळे घरी जमलेले असताना ती म्हणाली, "शमू, ती बाटली आण. माझ्या पायावर घाल. सडणं थांबेल."

सर म्हणाले, "आई, ते देवानं नाही, बुचानं राखलंय. उघडलं की तेही सडेल."

म्हातारी खाटेवर उठून बसली. मग सगळ्यांसमोर बोलली, "उघड मग. सडलं तर तू नेशील तिथं येते, काय कापायचं ते कापा. नाही सडलं तर दवाखान्याचं नाव काढायचं नाही."

"ठरलं," सर म्हणाले. क्षणाचाही विचार न करता म्हणाले. त्यांनी शाळेतून ती जुनी बाटली आणली, सगळ्यांदेखत मेण फोडलं, बूच काढलं आणि ती आईच्या खाटेजवळच्या खिडकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. पाणी नितळ. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नितळ. थंडी अशी मरणाची पडली होती, की दूधसुद्धा नासायला वेळ घेत होतं. म्हातारीचा पाय मात्र थांबला नव्हता; काळेपणा घोट्याकडे सरकला होता आणि खोलीत शिरताच वास येत होता. सरांच्या उघड्या बाटलीचा यायचा, अगदी तसाच. बायका खाटेभोवती बसून गाणी म्हणत होत्या. म्हातारी तापलेल्या डोळ्यांनी बाटलीकडे बघून हसत होती. ते हसू बघून मला तिथं बसवेना.

मी सरांना अंगणात ओढलं आणि माझ्या बोलीवरच आले. "सर, तुमनं डोकं ठिकाणवर शे का? अहो, बोट बुडवा त्यात! मळकं बोट बुडवा, उद्यापर्यंत गढूळ होईल. कोण बघतंय?"

त्यांचे डोळे रडून सुजले होते. "ताई, मग तो प्रयोग राहत नाही. ती माझ्या शब्दावर पाय द्यायला तयार झालीय. लबाडीनं कसा घेऊ? सडेल. सडायलाच पाहिजे. थोडी वाट पाहू."

"तुमच्या त्या वाट पाहण्याला आग लागो!" मी म्हणाले आणि तरातरा निघून आले. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

शेवटी एका सकाळी पाणी गढूळ झालं. वर पातळ साय धरली होती. म्हातारीनं बाटली जवळ मागितली, हुंगली, तोंड फिरवलं. दिल्या शब्दाची बाई ती. "चला," एवढंच म्हणाली. सरांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. नंदुरबारला डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय काढला. पण विष तोवर रक्तात गेलं होतं. ती शुद्धीवर आलीच नाही.

दवाखान्यातून तो कापलेला पाय कुणी मागून आणला असेल? याकोबदादांनी नाही. सरांनी आणला. अर्ज करून, विनवण्या करून, पांढऱ्या कापडात गुंडाळून आणला आणि शवपेटीत आईजवळ ठेवला. "ती पूर्ण जाणार होती," म्हणाले. देव न मानणारा माणूस हो! मला तिथंच हुंदका फुटला.

दफनभूमीत सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. लोक पांगले. मी दोघा भावांच्या मागेच उभी होते. ते मावचीत बोलत होते, पण इतक्या वर्षांत तेवढी मला कळत होती.

याकोबदादा म्हणाले, "शमू, पाणी आपोआप नाही सडलं. आदल्या सकाळी मी त्यात बोट बुडवलं. प्रार्थनेवरून उठलो आणि बुडवलं. देवाला म्हटलं, मला माफ कर, मला माझी आई पाहिजे."

सर कितीतरी वेळ भावाच्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अगदी हळू विचारलं, "दादा, पहिल्याच दिवशी का नाही बुडवलंस?"

याकोबदादांनी ताज्या मातीकडे बघितलं.

"मीही वाटच पाहत होतो रे."