शेवग्याचं झाड आणि शेंगदाण्याचे लाडू

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे देव उल्हास नदीत सोडले. देव गेले. भुताळी, म्हणजे करणी करणारी बाई, मात्र राहिली, कारण ती देव्हाऱ्यात नव्हती.

पळसदरीच्या अलीकडे आमची वाडी. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचा ताप उतरेना, तेव्हा आई कोणाला न सांगता तांदूळ घेऊन डोंगरातल्या भगताकडे गेली. पूर्वी भगत सुपात तांदूळ पाखडून सरळ बाईचं नाव घ्यायचा. आता कायदा आहे. म्हणून तो एवढंच म्हणाला, "पूर्वेचं दार, अंगणात शेवगा." कायद्याचा इतका अभ्यास आमच्या जयंती मंडळात कुणाचाही नाही.

पूर्वेचं दार आणि शेवगा वाडीत दोन घरांना. एकाने त्याच आठवड्यात शेवगा तोडला. उरली माझी विधवा काकी. ताप कर्जतच्या डॉक्टरच्या औषधाने उतरला, पण काकीच्या घरचं पाणी बंद झालं ते झालंच. तिला कोणी वाईट बोललं नाही. फक्त तिच्या हातचं कोणी काही खाईना.

आता सांगायची लाज वाटते, पण मी त्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. दरवर्षी जयंतीला विहारासमोर आम्ही अंधश्रद्धेवर पथनाट्य करतो. भगत मी बनतो. भुताळी साजगावच्या कारखान्यातला आमचा एक फिटर बनतो, मिशीसकट. यंदा त्याला सेकंड शिफ्ट आली. कोणाची बायको भुताळी व्हायला तयार होईना. विहाराच्या पायरीवर काकी बसली होती.

"मी करते की रं," ती म्हणाली. "पन भगत मी होनार. तू हो भुताळी."

"काकी, भगत बाई नसते."

"मंग भुताळीला मिशी असते व्हय? मला समदं पाठ हाय."

मी संहितेच्या वहीत भगतापुढे तिचं नाव लिहिलं.

जयंतीच्या दिवशी मी बायकोची साडी नेसून, काजळ फासून तयार झालो. काकीने फेटा बांधला होता. तिने घरून शेंगदाण्याचे लाडू आणले होते. पहिला मला दिला. "तोंडाला रंग लागलाय, मग खातो," म्हणत मी तो ओच्यात खोचला.

काकीने सूप हातात घेतलं आणि तांदूळ असे पाखडले की पुढच्या बायका मागे सरकल्या. मग आमच्या संहितेत नसलेलं वाक्य आलं, "पूर्वेचं दार, अंगणात शेवगा." लोक हसले, मग हसायचे थांबले. माझी आई चष्मा पुसत बसली. काकीने सूप माझ्यावर उगारलं, मी पळालो, नाटकातला डॉक्टर आला, नाटक संपलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

नंतर काकी डबा घेऊन फिरू लागली. आमच्यात उपास कोणी करत नाही, पण त्या संध्याकाळी चौघांचे निघाले. तिघींच्या पोरांना खोकला झाला. माझ्या मुलीने हात पुढे केला, तर बायकोने तिला पाणी प्यायला नेलं. काकी माझ्याजवळ आली, डबा माझ्या हातात दिला.

"तू वाट रं," म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली.

मी वाटले. भुताळीच्या वेशात, काजळ वाहत असताना. पाच मिनिटांत डबा रिकामा. उपासवाल्यांनी खाल्ले, खोकलावाल्यांनी खाल्ले, शेवगा तोडणाऱ्याने दोन घेतले. माझ्या मुलीने बोटं चाटली. काकी फेटा मांडीवर घेऊन सगळं बघत होती.

घरी येऊन साडी सोडली तर ओच्यातून लाडू खाली पडला.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी नाय खाल्ला?"

त्या लाडवाकडे बघून मला माझीच किळस आली. भाषणं माझी, नाटक माझं, आणि वाडीत काकीचा लाडू न खाल्लेला एकटा मीच. तसाच उचलला, काकीच्या दारात गेलो आणि तिच्यासमोर उभ्याने खाल्ला. तिचे डोळे भरले.

"आत ये," ती म्हणाली. "पानी देते."

मी चपला काढल्या. आणि आत शिरण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं, कोणी बघत नाही ना.