कचरूच्या छातीवरचे व्रण

हसनाबादच्या शिवारात खळी लागली की गडीमाणसं कमरेच्या वर कापड ठेवत नसत. कचरू तेवढा भर उन्हात बंडी घालून बैलांमागं फिरायचा. घामानं ती अंगाला चिकटली की चिमटीत धरून पुढं ओढायचा. मिसरूड फुटल्यापासूनची त्याची ही खोड होती.

अंगानं तो काटकच, पण छातीवर दोन्हीकडं चरबी साठून ती बाईमाणसासारखी दिसायची. विहिरीवर पोहताना सोबतचे गडी हसत. एकदा कुणीतरी सगळ्यांदेखत त्याला ‘कचराबाई’ म्हणून हाक मारली आणि बाकीच्यांनी ती उचलून धरली. त्यानंतर तो विहिरीवर गेला नाही.

तीर्थपुरीच्या सोनूबाईशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा त्याला एकच धास्ती पडली. हळदीला अंगावरचं कापड काढावं लागणार. तो थोरल्या भावाला, रखमाजीला म्हणाला, “दादा, मला लगीन करायचं न्हाई.”

बाप गेल्यापासून रखमाजीनंच त्याला वाढवलेलं. त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कचरूनं खाली मान घालून बंडीची गाठ सोडली. रखमाजी चारचौघांकडं आडून चौकशी करत राहिला आणि पलटणीतून निवृत्त झालेला एक डॉक्टर जालन्याला कापाकापीची कामं करतो, असं कळल्यावर भावाला बैलगाडीत घालून घेऊन गेला.

नरहर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “हा आजार नाही. यानं तुझं काही बिघडत नाही. चरबी काढता येईल, पण कापल्याची खूण राहणारच. कुणाची बारीक रेघ होते, कुणाचा व्रण दोरीसारखा फुगतो. तुझा कसा होईल, ते आज मला सांगता येणार नाही.”

“काय बी राहू द्या साहेब, पन हे काढा,” कचरू म्हणाला. रखमाजी म्हणाला, “थोडं इचार कर की.” तर त्यानं भावाचे पाय धरले.

भुलीचं औषध देऊन डॉक्टरांनी दोन्हीकडची चरबी काढली. जखमा भरल्या. हळदीच्या दिवशी तो पाटावर उघडा बसला, तेव्हा छाती सपाट होती आणि तिच्यावर दोन लालभडक रेघा होत्या. बायकांचे हात थबकले. “हे काय गं बाई!” एकजण म्हणाली.

 रखमाजीच पुढं झाला. “रानडुकरानं फाडलं त्याला. ज्वारी राखायला गेल्ता.”

बायका हळहळल्या, गड्यांनी शाबासकी दिली. ज्यानं त्याला ‘कचराबाई’ म्हटलं होतं, तोसुद्धा पुढं येऊन पाठीवर थाप मारून गेला. कचरूनं ते तसंच राहू दिलं. त्याला ते गोड लागलं, आणि गोड लागलं याचीच पुढं जन्मभर लाज वाटत राहिली. गावात डुकरं हुसकायला हाका निघाला की लोक त्याला पुढं घालायचे. पोटात दुखतंय म्हणून तो वाटेतूनच घरी यायचा.

लग्नानंतर वर्षभरात रेघा फुगू लागल्या. जाड झाल्या, जांभळ्या पडल्या, उन्हाळ्यात खाजून आग आग व्हायची. उजवीकडं कातडी ओढली जाऊन खड्डा पडला. ओझं डोक्यावर घेताना हात पुरता वर जाईना. सोनूबाईनं एकदा तेल चोळताना त्यावरून बोट फिरवलं. “अवो, डुकराच्या दातानं टाक्याच्या खुना पडतेत का?”

त्यानं बंडी ओढून घेतली आणि तो बाहेर गेला. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तेलाची वाटी त्याच्याजवळ ठेवून ती आत जायची.

अशी वर्षं गेली. रखमाजीचा मुलगा बद्रीनाथ लग्नाचा झाला. एके दुपारी रखमाजी त्याला घेऊन कचरूच्या घरी आला. बद्रीनाथनं जाड सदरा घातला होता आणि तो खांदे पुढं ओढून बसला होता. आपल्यासारखीच छाती, कचरूनं ओळखलं.

“घरातलंच हाये हे,” रखमाजी म्हणाला. “तुझं कसं झ्याक झालं. मंग म्हनलं, याला बी जालन्याला नेऊ. तो डॉक्टर अजून हाये. तू बी चल संगं.”

“दादा, नको.”

“नको काय? तुझं झालं अन् याचं नको?”

कचरूनं सोनूबाईकडं पाहिलं. ती आत जायला उठली, तर तो म्हणाला, “बस तू.” मग त्यानं बंडी काढली. उजवा हात बाहीतून काढायलाच वेळ लागला. भावासमोर, पुतण्यासमोर, बायकोसमोर तो उघडा उभा राहिला. 

रखमाजी जवळ आला, हात पुढं केला आणि मागं घेतला. “हे कधी झालं? मला बोलला न्हाईस?”

“काय बोलू? तू इचार कर म्हनलास, डॉक्टरानं बी आधीच सांगितलं. हट्ट माझा होता.” मग तो बद्रीनाथकडं वळला. “बद्री, तुझं तसं होईलच असं न्हाई. एखाद्याची रेघ बारीक बी राहती. पन कुनाची कशी राहील, ते आधी कळत न्हाई. आधी लोकांपासून छाती झाकायचो, आता बी झाकूनच राह्यलोय. अन् वर हे दुखतंय.”

बद्रीनाथनं व्रणांकडं बोट केलं. “काका, मंग ते डुक्कर...”

“डुक्कर कधी आलंच न्हाई,” कचरू म्हणाला.

रखमाजीनं तोंड फिरवलं. सोनूबाईनं खाली पडलेली बंडी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

बद्रीनाथ जालन्याला गेला नाही. त्याच्या हळदीला दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. तो लाल झाला, पण उठला नाही, आणि हळद लावून झाली. कचरू मांडवाच्या कडेला उभा होता. आपणही एवढं हसणं सोसून पाटावर बसून राहिलो असतो तर भागलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि कुणी पाहायच्या आत तो पंगतीला पाणी वाढायला निघून गेला.